वादळाचीही बेगमी हवी

वैशाख लागला की गोमंतकातील घराघरांत एक ठरावीक लगबग सुरू होते. अंगणात पापड-सांडगे वाळू लागतात, आमसुले उन्हात पडतात, चिंचेचे गोळे बरणीत जातात, सुक्या मासळीचा वास पडवीपर्यंत येतो, आणि कौले परतणारा माणूस यंदा कोणत्या दिवशी येणार याची चौकशी चालू होते. मृग लागण्यापूर्वी ही सारी बेगमी पुरी झालीच पाहिजे, हा आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेला दंडक. पावसाचे चार महिने दाराबाहेर पाऊल टाकणे कठीण असलेल्या काळात जन्मलेली ही रीत, रस्ते झाले, पूल झाले, बाजार बारमाही झाला, तरी अद्याप टिकून आहे. पावसाच्या बाबतीत गोमंतकीय कुटुंबाइतके सावध कुटुंब शोधूनही सापडणार नाही, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

परंतु ही सावधगिरी मृगाच्या पंचांगाला बांधलेली आहे आणि चक्रीवादळ मृगाची वाट पाहत नाही. अरबी समुद्रातील वादळांचे हंगाम दोन. पहिला एप्रिलअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचा, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. जुलै-ऑगस्टच्या ऐन पावसात वादळे क्वचितच होतात. कारण त्या काळात समुद्रालगतचे वारे आणि उंचावरचे वारे परस्परविरुद्ध दिशांनी जोराने वाहतात व वादळाचा उभा स्तंभ त्यांच्यापुढे टिकाव धरू शकत नाही. म्हणजे काय, तर पहिले वादळ येते ते आपली कौले परतून व्हायच्या आधी, आणि दुसरे येते ते दसरा झाला, पाऊस सरला, छत्र्या माळ्यावर गेल्या असे मानून आपण निर्धास्त झाल्यावर. आपली तयारी ज्या दिवसांत पूर्ण असते, नेमके तेच दिवस टाळून हे संकट येते. ह्या साध्या गोष्टीकडे आपण कानाडोळा करीत आलो आहोत.

ह्या कानाडोळ्यामागे एक समजूत आहे. वादळे ओरिसाकडे, आंध्राकडे, बंगालकडे जायची. आपल्या किनाऱ्याला त्यांची बाधा नाही. परशुरामाने समुद्र मागे हटवून ही भूमी मिळविली, तेव्हा समुद्र आपली मर्यादा ओलांडणार नाही, असाही एक श्रद्धेचा सूर ह्या समजुतीत मिसळलेला असतो. ती समजूत सर्वस्वी निराधार होती असे नव्हे. बंगालच्या उपसागरात जितकी वादळे होत, त्यांच्या साधारण चौथा हिस्सा अरबी समुद्रात होत, हा दीर्घकालीन अनुभव होता. पण समुद्र बदलतो आहे. वादळ पोसण्यास पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते, आणि अरबी समुद्र अलीकडच्या दशकांत झपाट्याने तापला आहे. २०१९ साली एकट्या अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. १९०२ नंतर प्रथमच हा आकडा गाठला गेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवून दिले आहे. अनुभव बदलला, तर अनुभवावर उभी असलेली समजूतही बदलली पाहिजे.

आपल्याच किनाऱ्याची उजळणी करावी. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आले, आणि कोकणातील कित्येक मच्छीमार परतलेच नाहीत. डिसेंबर २०१७ च्या आरंभी ‘ओखी’ केरळ व लक्षद्वीपकडून वर सरकले. तिकडे शेकडो खलाशी बुडाले, आणि इकडे गोव्याच्या किनाऱ्यावरील शॅकमध्ये समुद्राचे पाणी शिरले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ने कापणीला आलेले भात आडवे केले, त्याच खवळलेल्या समुद्रात नाफ्त्याने भरलेले ‘नू शी नलिनी’ हे जहाज वाहत येऊन दोना पावलाजवळच्या खडकांत अडकले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ने रायगडचा किनारा गाठला आणि श्रीवर्धन-मुरुडच्या माडापोफळीच्या पिढीजात बागा काही तासांत झोपविल्या. जी झाडे पणजोबांनी लावली ती नातवाच्या डोळ्यांदेखत गेली. आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आले.

‘तौक्ते’चा धडा प्रत्येक गोमंतकीयाने नीट ध्यानात घ्यावा. त्या वादळाचा केंद्रबिंदू गोव्याच्या भूमीला शिवलासुद्धा नाही. तो समुद्रातूनच उत्तरेकडे गेला आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढला. तरीही त्याच्या नुसत्या पदराच्या झटक्याने शेकडो झाडे कोसळली, विजेचे खांब वाकले, घरांची छपरे उडाली आणि दोन माणसे दगावली. तीही समुद्राच्या लाटेने नव्हे, पडझडीने. काही भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. वीज गेली म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून टाकी रिकामी, टाकी रिकामी म्हणून वीस बिऱ्हाडांची इमारत पाण्यावाचून, अशी साखळी लागली. त्यातच करोनाची साथ होती. ज्या घरांच्या परसात विहीर होती आणि विहिरीवर राट व दोर शाबूत होता, त्यांना त्या आठवड्यात आपल्या आजोबांची आठवण झाली असेल. केंद्रबिंदू दूरून गेला तर ही अवस्था. तो उद्या पेडणे वा काणकोण येथे किनाऱ्यावर चढला तर काय होईल, हा प्रश्न कोणाला घाबरविण्यासाठी नव्हे, घरातील माणसांनी एका संध्याकाळी एकत्र बसून विचारण्यासाठी आहे.

पहिली गोष्ट छपराची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात जे छप्पर नुसते करकरते, ते १२० च्या वाऱ्यात उचलले जाऊ शकते. म्हणून कौले परतण्याचे काम मेअखेरीवर न ढकलता एप्रिलमध्येच उरकावे. फुटकी कौले बदलावी, कोण्याची कौले चुन्या-सिमेंटात पक्की बसवावी. गच्चीवर टाकलेले पत्रे हे तर आजच्या शहरी घराचे सर्वांत दुबळे अंग. त्यांचे आकडे गंजले आहेत काय हे पाहावे. उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या गळ्यावरची तलवार ठरतो. वाऱ्याचा जोर असताना एका बाजूची खिडकी उघडी ठेवली म्हणजे घर वाचते, ही जुनी समजूत चुकीची आहे. आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो. दारे-खिडक्या सर्व बाजूंनी बंद आणि आतून अडसर घातलेल्या असाव्यात.

दुसरी गोष्ट माडांची. माड हे आपले अन्नदाते झाड, पण घरावर झुकलेला म्हातारा माड, त्याची सुकी चुडते आणि पक्के नारळ हे वादळात शत्रूसारखे वागतात. पाडेली आता दुर्मिळ झाले आहेत. वादळाची बातमी आल्यावर त्यांना शोधणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. एप्रिलमध्ये आणि पुन्हा गणेशचतुर्थीनंतर, असे वर्षातून दोनदा माड उतरवून साफ करून घ्यावे. घरावर आलेल्या आंबा-फणसाच्या फांद्या त्याच वेळी छाटाव्या. सरसकट झाडे तोडा असे आम्ही म्हणत नाही. तसे करणे कायद्यालाही धरून नाही आणि शहाणपणालाही. दाट झाडोरा वारा अडवितो. धोका असतो तो कुजलेल्या बुंध्याचा आणि तोललेल्या शेंड्याचा.

तिसरी गोष्ट पाण्याची व अन्नाची. पाच माणसांच्या घराला माणशी रोजचे चार लिटर धरले तरी नुसते पिण्या-रांधण्याचे पाणी दिवसाला २० लिटर होते. सात दिवसांचे १४० लिटर. तांब्या-पितळेचे हंडे, घागरी आणि कळशा आपण शोभेच्या वस्तू म्हणून दिवाणखान्यात मांडल्या आहेत. वादळाची सूचना मिळताच त्या घासून भराव्या. विहिरीवर झाकण घालावे, आणि पुराचे वा खारे पाणी तीत शिरल्यास शुद्ध केल्यावाचून ते पाणी पिऊ नये. अन्नासाठी फार खटाटोप नको: पोहे, चुरमुरे, गूळ, सुके खोबरे, केळी, पेजेचे तांदूळ. शिजविण्यावाचून दोन दिवस निघतील एवढे अन्न असले म्हणजे पुरे. वाऱ्याचा जोर असताना गॅसची टोपी बंद करावी. आणि देवघरातील समईसुद्धा त्या रात्री शांत करून देवाची क्षमा मागावी. कौल पडून कलंडलेली समई घराची राख करू शकते.

चौथी गोष्ट लहान दिसते, पण वादळानंतर तीच सर्वांत जास्त रडविते. एक-चौदाचा उतारा, घराची कागदपत्रे, शिधापत्रिका, आधार, पासबुके, विम्याचे कागद, मुलांच्या गुणपत्रिका हे सारे एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच जागी ठेवावे. नुकसानभरपाईच्या अर्जाला नेमका तोच कागद लागतो जो भिजून गेलेला असतो. रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे किमान पंधरा दिवसांची असावीत. इन्शुलिन घेणाऱ्याच्या घरी शीतपेटी बंद पडली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा माठ उपयोगी पडतो. फोनवरून पैसे देण्याची सवय जडलेल्या घरांनी थोडी रोकड जवळ ठेवावी. वीज आणि मनोरे गेले की फोनमधला पैसा फोनमध्येच राहतो. सेलवर चालणारा एक ट्रान्झिस्टर व एक विजेरी अजूनही निरुपयोगी झालेली नाही. गोठ्यातील गुरांची दावी वेळेवर सोडावी. बांधलेले जनावर कोसळत्या गोठ्यातून पळू शकत नाही.

ही कामे केव्हा करावी? हवामान खाते ह्या बाबतीत आज पूर्वीपेक्षा पुष्कळ मोलाची मदत करते. वादळाची पहिली पूर्वसूचना सुमारे ७२ तास आधी मिळते, दुसरा इशारा किमान ४८ तास आधी, तिसरा २४ तास आधी आणि शेवटचा १२ तास आधी. ह्या सूचनांचे पिवळा, नारिंगी, लाल हे रंग आता शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. अडचण ही की, रंग पाठ असूनही कोणत्या रंगाला कोणी काय करायचे हे घरात ठरलेले नसते. ते ठरवावे. पहिल्या सूचनेला औषधे व रोकड. पिवळ्याला पाणी, अन्न आणि कागद. नारिंगीला अंगणातील व गच्चीवरील प्रत्येक सुटी वस्तू आत. आणि लाल निशाणाला घराबाहेर कोणी जायचे नाही. वारा एकाएकी थांबून आभाळ निवळले तरीही नाही. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असताना अशी फसवी शांतता पसरते, आणि थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. ह्या मधल्या शांततेत छप्पर पाहायला बाहेर पडलेली माणसे अनेक ठिकाणी प्राणास मुकली आहेत.

आता सर्वांत अवघड प्रश्न. घर सोडून जाण्याची वेळ आली तर? पूर्व किनाऱ्याकडे पाहावे. ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात ओरिसात सुमारे दहा हजार माणसे मेली. मे २०१९ मध्ये ‘फनी’ पुरीजवळ ताशी १७५ किलोमीटरहून अधिक वेगाने चढले, तेव्हा तेथील बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. १९९९ चे वादळ अधिक भयंकर होते हे खरे; पण एवढा फरक नुसत्या वाऱ्याने पडत नाही. त्या राज्याने मधल्या वीस वर्षांत निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, आणि मुख्य म्हणजे सांगितल्यावर उठून जाण्याची सवय लोकांना लागली. ‘फनी’च्या वेळी सुमारे १२ लाख माणसे वेळेआधी हलली. निवारा सरकार बांधू शकते. उंबरठा ओलांडण्याचा निर्णय मात्र घरातच होतो.

आपल्याकडे तो निर्णय अडतो कोठे, हे आपण सर्व जाणतो. मुले मुंबईला, आखातात वा त्याहून लांब. घरात दोन वृद्ध जीव. पंचायतीचा माणूस दारात येतो आणि आजोबा म्हणतात, “ह्या घरात चार पिढ्या गेल्या, आम्ही कोठे जायचे?” आजी म्हणते, “आम्ही गेलो तर देवाला दिवा कोण लावणार?” ह्या प्रश्नाला हसणारा माणूस गोमंतकाला ओळखत नाही. पण ह्या प्रश्नाचे उत्तरही गोमंतकाच्याच इतिहासात आहे. सोळाव्या शतकात सासष्टीवर संकट कोसळले तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. भक्तांनी आपली दैवते उचलून नदीपार नेली आणि त्यांच्याबरोबर स्वतःही गेले. त्यामुळे दैवतेही राहिली आणि भक्तही राहिले. मूळ स्थानाला चिकटून बसण्यात भक्ती आहे असे त्या पूर्वजांनी मानले असते, तर आज आपण कोणत्या देवळाच्या पायऱ्या चढलो असतो? आपल्या घरातील देव्हाऱ्याचे देव तर एका ताम्हनात मावतात. लाल वस्त्रात बांधून ते बरोबर घ्यावे, निवाऱ्याच्या कोपऱ्यात दोन फुले वाहावी, आणि वादळ सरल्यावर परत आणून बसवावे. हे देवाला टाकून जाणे नव्हे. देवालाच आपल्याबरोबर नेणे आहे.

दर्यावर जाणाऱ्या कुटुंबांविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे वादळांच्या दोन्ही हंगामांच्या बऱ्याचशा काळात होड्या व ट्रॉलर समुद्रातच असतात. मे महिन्याची शेवटची खेप आणि नारळी पौर्णिमेनंतरचा भर हंगाम हे कमाईचे दिवस. म्हणूनच “एक फेरी मारून येतो” हा मोह आवरत नाही. ‘तौक्ते’च्या वेळी मुंबईच्या समुद्रात ‘पी-३०५’ ह्या तराफ्याचे नांगर तुटले आणि सत्तरांहून अधिक माणसे गेली. एवढ्या मोठ्या तराफ्याची ही गत, तर लहान होडीची कथा काय? कोणती होडी केव्हा गेली, तीत कोण कोण आहे आणि केव्हा परतणार, ह्याची यादी प्रत्येक घरात व प्रत्येक जेटीवर असली पाहिजे. धोक्याचा बावटा चढल्यावर मालकाने खलाशाला पाठविणे हा निष्काळजीपणा नव्हे, अपराध मानला गेला पाहिजे.

घराने करावयाचे ते सांगितले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात गोव्याचा समावेश झाला. निवारे आणि भूमिगत वीजवाहिन्या ही त्यामागील उद्दिष्टे. तेव्हा आपल्या सर्वांत जवळचा निवारा कोठे आहे, त्याची किल्ली मध्यरात्री कोणाकडे मिळेल, तेथे पाणी व शौचालय चालू आहे काय, आणि गावात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी पंचायतीत आहे काय, हे प्रश्न येत्या ग्रामसभेत नागरिकांनी विचारावेत व उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावेत. वाळूचे टेकाड आणि खाडीकाठची कांदळवने ही किनाऱ्यावरील घरांची बाहेरची भिंत आहे. ती भिंत पाडून बांधकामाला परवाने देणारे आणि खाजनाचे बांध फुटू देणारे हात वादळानंतर मदतीचे धनादेश वाटण्यासाठी पुढे यावेत, ही विसंगती आता पुरे झाली.

तथापि धनादेश, निवारे आणि वीजवाहिन्या ह्या सर्वांच्या आधी येते ते घर. वादळाच्या पहिल्या बारा तासांत दाराशी ना अग्निशमन दल पोहोचू शकते, ना पोलीस, ना आमदार. रस्त्यावर आडवे पडलेले झाड सर्वांना सारखेच अडविते. त्या बारा तासांत माणसाजवळ असते ते त्याने आधी भरून ठेवलेले पाणी, आधी बांधून ठेवलेले छप्पर, आणि भिंतीपलीकडचा शेजारी. त्या शेजाऱ्याच्या घरी एकटी म्हातारी असेल, तर आपल्या यादीत तिचेही नाव असू द्यावे.

यंदा पापड वाळत घालताना, आमसुले भरताना, कौलाच्या माणसाला निरोप धाडताना, त्याच बेगमीत ही आणखी एक बेगमी मिसळावी. ती मृगापर्यंत थांबवू नये, आणि दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते त्या दिवशी पुन्हा एकदा तपासून घ्यावी: विजेरीचे सेल, विहिरीचा दोर, कागदांची पिशवी, औषधांची पेटी. वर्षभर वादळ आले नाही, तर ही तयारी वाया गेली असे कोणी म्हणू नये. पाऊस उशिरा आला म्हणून आपण भरलेली कोठी कधी वाया गेली असे मानीत नाही.